कारंज्यासमोरचा बाक

नवऱ्याने तिची बोटं दाराच्या फटीत धरली आणि दार लावून घेतलं, तेव्हा शहराच्या पर्यटन संकेतस्थळाचं काम अगदी शेवटाला आलं होतं. ऑफिसात तिने सांगितलं, "दारात सापडली." त्यात खोटं काहीच नव्हतं. उजव्या हाताला पट्टी बांधून तिने डाव्या हाताने माउस चालवला आणि काम उरकलं.

ऑफिसात तिला सगळे 'खोडरबर' म्हणत. फोटोतली लोंबणारी वायर, भिंतीवरची ओल, कोपऱ्यातला उकिरडा ती असा पुसायची, की शहर नुकतंच न्हाऊन आलंय असं वाटावं. घरी हीच कला आरशासमोर चालायची. गालावरचा जांभळा डाग कोणत्या रंगाखाली दबतो, हे तिला तोंडपाठ होतं. नवराही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. पट्टा पाठीवर, लाथ मांडीवर, आणि दार उघडलं की शेजाऱ्यांशी तोंडात साखर घोळवत बोलणं. एकदा त्याने तिचं डोकं बेसिनवर आपटलं, रक्त स्वतःच धुतलं आणि खाली जाऊन शेजारच्या आजोबांचं सामान वर चढवून दिलं. अशा गुणी जावयाविरुद्ध कोण ऐकणार?

भाऊसुद्धा ऐकत नव्हता, आणि तेच तिला जास्त लागायचं. आईवडील गेल्यावर त्यानेच तिला वाढवलं होतं. शहरातल्या कारंज्याच्या चौकापासून हाकेच्या अंतरावर त्याचं चपलांचं दुकान होतं. बोटं मोडल्यावर ती त्याच्याकडे राहायला गेली, तर लगेच त्याचं सुरू झालं.

"अगं, संसारात भांड्याला भांडं लागतंच. आमच्यासमोर तर तो आवाजही चढवत नाही."

"तुमच्यासमोर नाहीच चढवत, दादा."

"मग? चारचौघांत भेट हवं तर. एकदा बोल त्याच्याशी. नाहीतर रविवारी मीच तुला पोचवून येतो."

पोचवलं, की आपण त्या घरातून जिवंत बाहेर येणार नाही, हे ती ओळखून होती.

संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर चौकाचं थेट दृश्य दाखवायचं, हा तिचाच हट्ट होता. साहेब करवादले होते, "तिथे कुणी नाक शिंकरलं तर? जगभर दिसेल!"

"दिसू दे की. पुसलेल्या फोटोंवर कोण विश्वास ठेवतं, साहेब?"

हे खोडरबरने म्हणावं! कॅमेरा समोरच्या गच्चीवर बसला. कारंज्यासमोरचा बाक बरोबर मधोमध यावा म्हणून तिने कॅमेरावाल्याला पुन्हा पुन्हा शिडीवर चढवलं होतं. बिचारा शेवटी चिडला होता.

त्याच बाकावर तिने नवऱ्याला बोलावलं, भर दुपारी, चौक ओस असतो तेव्हा. मग भावाला फोन केला. "दादा, माझं काम कधी बघितलंस का? आज साइट उघड. मी चौकात आहे, दिसते का बघ. मी सांगेपर्यंत बंद करू नकोस."

"बघतो, बाई," भाऊ हसला. तिने वर बघून हात हलवला.

नवरा आला, शेजारी बसला, गोड बोलला. ती एवढंच म्हणाली, "मी येणार नाही. कधीच नाही."

त्याने चारी बाजूंना बघितलं. वर तेवढं बघितलं नाही. मग तिची दुखरी बोटं मुठीत घेऊन पिळली. ती किंचाळली तसं त्याने तिचे केस धरले आणि तोंड बाकाच्या लोखंडी दांड्यावर आपटलं. पुन्हा आपटलं. दात तुटून जिभेवर आला. ती खाली कोसळली, तशी पोटात लाथ बसली. तिला भयंकर भीती वाटली. दुकानात गिऱ्हाईक आलं असेल, दादाने बघितलंच नसेल, तर? नवरा तिला पाय धरून कारंज्यामागे ओढू लागला. तिने बाकाच्या पायाला मिठी मारली. मेलं तरी चालेल, पण कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही.

तेवढ्यात भाऊ धावत आला. चपलांच्या दुकानाचा मालक, आणि अनवाणी. नवऱ्याने झटकन तिचा पाय सोडला. "बरं झालं आलात, दादा! चक्कर येऊन पडली हो ही."

भावाने त्याच्या तोंडावर असा ठोसा हाणला, की तो कारंज्याच्या कठड्यावर आदळला. भावाने आणखी ठोसे हाणले. समोरच्या इमारतीतले पहारेकरी धावून आले, त्यांनी नवऱ्याला दाबून धरलं, तेव्हा कुठे भाऊ थांबला.

मग तो बहिणीपाशी गुडघ्यांवर बसला. रडत रडत त्याने खिशातून रुमाल काढला आणि तिच्या तोंडावरचं रक्त टिपायला गेला.

तिने त्याचा हात धरला.

"पुसू नकोस, दादा," ती म्हणाली. "पोलिसांना येऊ दे."