मुकादमाचा पाय

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला, मग म्हणाले, "बाई, हाड सडतंय. पाय कापावा लागेल."

टेबलावर चहाचं रिकामं खोकं होतं आणि खोक्यात आमचा बोका. एक्स-रे काढून घेताना त्याने दोघा माणसांना घाम फोडला होता. आता दमून गप्प बसला होता. मागचा डावा पाय त्याने अंगाखाली न घेता बाजूला टाकला होता, जणू तो पाय त्याचा नव्हेच.

आजाराचं नाव डॉक्टरांनी सांगितलं, ऑस्टिओमायलायटिस. म्हणजे हाडाच्या आतपर्यंत पोचलेला पू. मी स्वतः नर्स. नागपुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात हाडांच्या वॉर्डात माझी ड्यूटी असे. हा शब्द मी कितीतरी केसपेपरांवर वाचला होता आणि पेशंटच्या नातेवाइकांना समजावूनही सांगितला होता. त्या दिवशी तोच शब्द आपल्या घरच्या जिवाबद्दल पहिल्यांदा ऐकला.

"दुसरा काही इलाज?" मी विचारलं.

"आहे. अँटिबायोटिक, म्हणजे जंतू मारणारं औषध. सकाळ, दुपार, संध्याकाळ. दीड महिना. डोस चुकता कामा नये." ते हसले, वाईट अर्थाने नाही. "पण मांजराच्या पोटात औषध घालणं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नाही. म्हशीला नळीने पाजता येतं. कुत्रा पोळीत घालून दिलं की खातो. हा बोका आहे. दोन दिवसांत तुम्हीच हात टेकून परत याल."

"मी नर्स आहे," मी म्हटलं.

"असाल. तुमचे पेशंट चावत नाहीत."

त्यांनी गळू फोडून पू काढला. गळू म्हणजे त्यांच्या भाषेत अ‍ॅब्सेस. जखम रोज मिठाच्या कोमट पाण्याने धुवायला सांगितली आणि पंधरा दिवसांनी दाखवायला सांगितलं. सूज उतरली तर ठीक, नाहीतर पाय काढायचा. पायासाठी जीव घालवता येणार नव्हता. निघताना त्यांनी आणखी एक बजावलं, तेही इथे लिहून ठेवते. दुखतंय म्हणून माणसाची ताप-दुखीची गोळी मांजराला देऊ नये, ती त्याला विष ठरते. मला हे माहीत नव्हतं. तशी गोळी तेव्हा माझ्या पर्समध्येच होती.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही नागपूरबाहेर वाडीला राहत होतो, अमरावती रोडवर. माझे मिस्टर एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बुकिंग क्लार्क होते आणि गोदामाच्या मागच्याच खोल्यांत आमचं बिऱ्हाड होतं. बोका गोदामाचा. रोज सकाळी तो पोत्यांच्या थप्प्यांवरून एक चक्कर मारी, प्रत्येक थप्पी हुंगून पाही, मगच दारात येऊन बसे. म्हणून हमालांनी त्याचं नाव मुकादम ठेवलं होतं. जेवायला आणि झोपायला तो आमच्याकडे येई.

दुसऱ्या एका बोक्याशी मारामारीत त्याला चावा बसला होता. जखम तांदळाएवढी. आम्ही हळद लावली, ती बुजली, आम्ही निर्धास्त झालो. तुमच्या घरी मांजर असेल तर एवढं ध्यानात ठेवा, मांजराचा दात सुईसारखा खोल जातो. वरून कातडी मिळून येते आणि आत पू साठत राहतो. तो लंगडायला लागला तेव्हा आम्ही म्हटलं, मुरगळला असेल. खाणं सोडलं तेव्हा मी त्याला खोक्यात घातलं.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. मिस्टर म्हणाले, "बोकाच तर आहे. तीन पायांवर राहते मांजर. मी पाह्यलं हाय."

बाजेवर माझे सासरे बसले होते. आम्ही त्यांना मामाजी म्हणत असू. मामाजी तरुणपणी कापडाच्या गिरणीत होते. तिथे मशीनमध्ये सापडून त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला होता. तेव्हापासून कुबडी. या गोष्टीबद्दल मी त्यांच्या तोंडून कधी एक शब्द ऐकला नव्हता. त्या दिवशी ते बोलले.

"राहते म्हणतो? कसं राहते थे मले विचार." मग माझ्याकडे वळले. "माहा पाय कापला तवा मले कोणी पुसलं नाही वं. इलाज होता का नव्हता, काईच सांगितलं नाही. डोळे उघडले तं पाय नाही. याचा इलाज हाय म्हणते ना डॉक्टर?"

"हाय, मामाजी. पण औषध पोटात गेलं पाहिजे."

"मंग घाल."

एवढंच. त्या घरात वाद तिथे संपत असे.

मी पहिल्याच दिवशी हरले. औषध माणसाच्या कॅप्सूलमधलं, डॉक्टरांनी मांजराच्या वजनाप्रमाणे पुड्या बांधून दिल्या होत्या. एक पुडी दुधात घातली. मुकादमाने दूध हुंगलं आणि वाटीभोवती फरशी खरवडू लागला, घाणीवर माती ओढावी तशी. मासळीच्या तुकड्यात भरून दिलं. त्याने मासळी खाल्ली आणि औषध लागलेला भाग तेवढा स्वच्छ वेगळा ठेवला. शेवटी मी जबडा उघडून पूड तोंडात टाकली, तर त्याच्या तोंडातून फेसाचे लोंढे वाहू लागले.

"पागल झाला! पागल झाला!" म्हणत मिस्टर बाजेवर चढले. हमाल धावत आले. मीसुद्धा क्षणभर घाबरले. पण तो पिसाळला नव्हता. कडू चव जिभेला लागली की मांजराला असाच फेस येतो. तुमच्याकडे असं झालं तर घाबरू नका. मात्र औषध फेसाबरोबर बाहेर पडलेलं असतं, हेही समजून घ्या.

दुसऱ्या दिवशी पुडीचा कागद वाजला की तो गोदामात पळू लागला. लंगडत, पण आमच्यापेक्षा जोरात. सर्वांत उंच थप्पीवर जाऊन बसे. मिस्टर पोत्यांवर चढत, तो पलीकडून उतरे. त्या संध्याकाळचा डोस चुकलाच. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडलेले. तिसऱ्या दिवशी ड्यूटीवर आमच्या सिस्टर इन्चार्जनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना? नवरा काही…" मी बोक्याचं सांगितलं, तर त्यांना ते पटेना.

त्याच दिवशी वॉर्डात एक लहान मुलगी इंजेक्शनला घाबरून पलंगाखाली जाऊन बसली. मी तिच्यामागे धावले नाही. खाली बसले, तिच्याशी तिच्या गावच्या गोष्टी केल्या, ती आपण होऊन बाहेर आली. सुई टोचताना ती रडली, पण तिने हात सोडला नाही. घरी येताना बसमध्ये माझ्या मनात आलं, माणसाच्या लेकराला मी असं वागवते, मग याच्यामागे काठी घेतल्यासारखी काहून धावते?

घरी आले तेव्हा मुकादम मामाजींच्या बाजेवर त्यांच्या तुटक्या पायाला टेकून झोपला होता. मी पुडी बाहेर काढली नाही. मामाजी म्हणाले, "मी दोन दिवसांपासून पाहून राहिलो. तू समोरून जाते. समोरून जो येईन त्याच्याशी थो भांडनच. बोका हाय. मागून ये."

मग आम्ही दोघांनी मिळून रीत बसवली. पूड लोण्यात आणि चिमूटभर कणकेत मळून मी ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्या वळल्या. वरून पुन्हा लोणी, म्हणजे कडू चव जिभेला लागू नये. पुडीचे कागद त्याच्यासमोर उघडणं बंद केलं. वेळ झाली की मामाजी आपलं जुनं धोतर मांडीवर पसरत. मुकादम सवयीने येऊन बसे. ते त्याच्याशी बोलत बोलत धोतराची टोकं त्याच्याभोवती घेत, घट्ट नाही, पण पंजा बाहेर येऊ नये इतपत. मी मागून जाई. डाव्या हाताने त्याचं डोकं वरून धरी, अंगठा आणि बोट गालाच्या हाडांवर. नाक छताकडे केलं की खालचा जबडा आपोआप सैल पडतो. गोळी जिभेच्या मुळाशी, अगदी मागे. तोंड मिटायचं, गळा हलकेच चोळायचा. मग चमच्याने थोडं पाणी, कारण कोरडी गोळी मांजराच्या घशात अडकून राहू शकते.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा आम्ही तिघंही श्वास धरून होतो. मुकादमाने माझ्याकडे पाहिलं आणि जिभेने स्वतःचं नाक चाटलं.

"गेली?" मिस्टरांनी विचारलं.

"गेली," मी म्हटलं. मांजराने नाक चाटलं की समजावं, गिळलं. मी कितीतरी ऑपरेशनांना उभी राहिले होते, पण एवढा आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. बक्षीस म्हणून त्याला सुकट दिली. त्याने ती आमच्यावर उपकार केल्यासारखी खाल्ली.

माझी सकाळची ड्यूटी असली की दुपारचा डोस मिस्टरांकडे. ते आधी कुरकुरले. मग एका दुपारी गोदामात ट्रक लागलेला असताना सगळ्या हमालांना "दोन मिनिटं थांबा रे" म्हणून घरी आले आणि गोळी देऊन गेले. संध्याकाळी मी विचारायच्या आधीच म्हणाले, "एका खेपेत गेली." त्यांच्या छातीत हवा भरली होती.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला. सूज अर्ध्यावर आली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं. "चालू ठेवा," म्हणाले.

पण वाट सरळ नव्हती. पुढे एकदा मुकादमाने खाणंच सोडलं. औषधाने पोट बिघडलं असावं. मांजर काही दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या लिव्हरवर, म्हणजे यकृतावर येतं, तेव्हा हे अंगावर काढू नये. डॉक्टरांनी आतड्याला आराम पडावा म्हणून ताजं दही द्यायला सांगितलं. मामाजी बोटाला दही लावून त्याच्या ओठाला लावत. तो तोंड फिरवी. ते पुन्हा लावत. जेवणाचं ताट समोर आलं तर बाजूला सारत, "आधी याले खाऊ दे." मी म्हटलं, मामाजी, तुम्ही तरी खा. ते म्हणाले, "मी दवाखान्यात होतो तवा माह्यी माय अशीच बसे. मी खाल्लं का थे खाये." दुसऱ्या दिवशी दुपारी मुकादमाने त्यांचं बोट चाटून स्वच्छ केलं आणि वाटीकडे पाहिलं. त्या दिवशी मामाजी दोन भाकरी जेवले.

शेवटच्या एक्स-रेला मामाजी म्हणाले, "मीबी येतो." ते सहसा घराबाहेर पडत नसत. लोक पायाकडे पाहतात, ते त्यांना आवडत नसे. आम्ही रिक्षा केली. खोकं त्यांच्या मांडीवर.

दवाखान्याच्या आवारात बैल होते, शेळ्या होत्या, कुही गावाहून आणलेली एक गाभण गाय होती. बाकावर आमच्या शेजारी धरमपेठेतल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांच्या टोपलीत पांढरं शुभ्र मांजर आणि त्यांच्या दोन्ही मनगटांना पट्ट्या. मी ओळखलं.

डॉक्टरांनी एक्स-रे पुन्हा खिडकीला धरला. या वेळी मला जवळ बोलावलं. जिथे आधी काळी पोकळी होती तिथे पांढरी भर दिसत होती. "नवीन हाड," ते म्हणाले. मग मुकादमाला जमिनीवर सोडलं. तो चारही पायांवर उभा राहिला, अंग ताणलं, खोलीला एक चक्कर मारली आणि औषधांच्या कपाटाखाली शिरला.

डॉक्टर दारापर्यंत गेले आणि बाहेर बाकावरच्या बाईंना हाक मारली. "ताई, आत या. गोळी कशी द्यायची ते मी तुम्हाला तीनदा सांगितलं. आता या सिस्टरांकडून शिकून घ्या. मला जमत नाही ते यांना जमतं."

मी त्या बाईंच्या मागे उभी राहिले. त्यांचा हात माझ्या हातात घेऊन मांजराच्या डोक्यावर ठेवला. अंगठा इथे. बोट इथे. नाक वर. गोळी गेली. पांढऱ्या मांजराने नाक चाटलं आणि त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना मी एवढंच सांगते. ओरबाडे भरून येतात. जो चावतो तो वाईट नसतो, भ्यालेला असतो. माणसांच्या वॉर्डातही हे मी त्यानंतर जास्त नीट ओळखू लागले. औषधाला नाही म्हणणाऱ्या पेशंटवर मी पुन्हा आवाज चढवला नाही. त्या डॉक्टरांचे उपकार मी मानते. त्यांनी दुसरा इलाज आहे हे सांगितलं, लपवलं नाही.

परतताना रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "बाबा, बोका कोणाचा? लई जपून धरला."

मामाजी म्हणाले, "बोका गोदामाचा. पाय कापाले निघाले होते याचा. माह्या सुनेनं वाचवला. नर्स हाय थे. मोठ्या दवाखान्यात." थोडं थांबून पुन्हा, जरा मोठ्याने, रस्त्यावरच्यांनाही ऐकू जावं असं म्हणाले, "नर्स हाय माही सून."

मी बाहेर बघत राहिले. वाडी येईपर्यंत त्यांनी हीच गोष्ट त्या रिक्षावाल्याला पहिल्यापासून सांगितली.