कुणाच्या वाट्याचं पाणी

देवीची माझ्यावर कृपा झाली असं लोक म्हणतात. मी नाही म्हणत नाही. पण ती कृपा झाली तेव्हा माझ्या मनात भक्ती नव्हती, राग होता, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. म्हणून घडलं ते घडलं तसं सांगतो. साखर पेरून सांगायला मला जमत नाही.

मी पोंभुर्ण्याचा शिंपी. माझी बायको सुमन एका सकाळी चुलीपुढे बसल्या जागी कलंडली. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. चंद्रपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात तिला बायकांच्या वॉर्डात खाट मिळाली. त्या वॉर्डात पुरुषमाणसाला दुपारनंतरच्या भेटीच्या वेळेशिवाय आत सोडत नाहीत. आमची एकुलती एक मुलगी तेव्हा बाळंतीण, दूर सासरी. दुसरं बाईमाणूस जवळ नाही. म्हणजे जिला बोलता येत नाही अशी माझी बायको आत, आणि तिचं मन ओळखणारा एकटा मी बाहेर व्हरांड्यात, सतरंजीवर.

सिस्टर लोक वाईट होत्या असं मी म्हणणार नाही. त्या धावतच असायच्या. पण तिथली रीत अशी की कामं वाटून दिलेली. एकीने वॉर्डभर इंजेक्शनं द्यायची, एकीने गोळ्या, एकीने बीपी बघायचं, एकीने अंग पुसायचं आणि चादरी बदलायच्या. रेडिमेडच्या कारखान्यात असंच चालतं. एक जण दिवसभर बाह्या जोडतो, दुसरा काजं करतो, आणि सदरा कुणाच्या अंगावर जाणार हे कुणालाच ठाऊक नसतं. कापडाला ते चालतं. सुमनचा दंड एकीने पाहिला, जीभ दुसरीने, पाठ तिसरीने. सुमन कुणीच पाहिली नाही.

थोड्याच दिवसांत कळलं की ती तोंडाने काही घेत नाही. पहाटे गोळ्यांची सिस्टर पाण्याचा पेला ओठाला लावायची आणि सुमन मान फिरवून दात घट्ट मिटायची. पण दुपारी मी गेलो की ती माझ्या हातून पेलाभर पाणी पिई, पेजही दोन-चार चमचे घेई. मी दुपारच्या सिस्टरला सांगितलं, ती म्हणाली, "हे सकाळवालीले सांगा." सकाळवालीला सांगायला सकाळी आत कोण सोडतो? हातांच्या शिरा सुजून सलाईन बाहेर येऊ लागलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता नाकातून नळी घालू, आणि ती उपटू नये म्हणून चांगला हातही बांधून ठेवावा लागेल. तिचा एक हातच तर जिवंत होता.

त्या दिवशी मी महाकालीच्या देवळात गेलो. ही बाई जन्मभर तुझ्या नावाने उठली आणि तुझ्या नावाने निजली. फोटोत तुला एवढे हात आहेत, पण ते सगळे एकाच धडाला जोडलेले आहेत. वॉर्डातही हात खूप आहेत, धड मात्र कुठेच नाही. असलं काहीबाही मी तिला मनातल्या मनात सुनावलं. नवस बोलायला गेलो होतो आणि भांडून परत आलो. नारळसुद्धा फोडला नाही, पिशवीतच राहिला.

परत आलो तर व्हरांड्यात एक नवी सिस्टर मला शोधत होती. सावळी, पन्नाशीकडे झुकलेली, बरीच वर्षं भामरागडकडच्या जंगलातल्या दवाखान्यात काढून आलेली. तिथे पावसाळ्यात रस्ता तुटला की ती एकटीच असायची, त्यामुळे कामं वाटून घ्यायला दुसरं कुणी नसायचंच. इथे आल्या आल्या तिने मोठ्या सिस्टरला म्हटलं होतं, मले काम नका देऊ, खाटा द्या. रजेमुळे माणसं कमी पडत होती, म्हणून मोठी सिस्टर कशीबशी तयार झाली आणि साऱ्याच सिस्टरांना कामांऐवजी खाटा वाटून दिल्या. खिडकीकडच्या खाटा हिच्याकडे आल्या. त्यांतली शेवटची सुमनची.

"भाऊ, सुमनबाईचे घरवाले तुम्हीच ना?" ती म्हणाली. "मीच पाहून राह्यली त्याईले आता. अंग पुसणं, औषध, खानंपिनं, सारं. मले सांगा, घरी सकाळी उठल्यावर बाई पहिले काय करते?"

इतक्या दिवसांत मला कुणी काही विचारलंच नव्हतं. मी म्हणालो, "काय करन? तोंड धुते, महाकालीच्या फोटोले हात जोडते, मंगच पाणी पेते. लगन झाल्यापासून पाहून राह्यलो. तापात फणफणली तरी तोंड धुतल्याबिगर घोट घेतला नाई तिनं."

ती म्हणाली, "आन इथी पाणी पहाटे येते, तोंड दुपारी पुसते. दोघी अलग अलग. कुणाले कसं कळन?"

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने आधी सुमनचं तोंड धुतलं, डावा हात कपाळाशी नेऊन टेकवला आणि मग पेला लावला. सुमन घटाघटा पाणी प्याली. नळीचं नाव परत निघालं नाही. व्हरांड्यात येऊन तिने मला हे सांगितलं तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून रडलो. आनंद होताच, पण सांगू का, संतापही होता. देवी, तुझ्यापायीच तर ती इतके दिवस तहानलेली पडून होती. आणि तूच ही बाई पाठवलीस. आता तुझ्या पाया पडू की तुला जाब विचारू, हेच मला कळेना.

आता जे सांगायचं आहे ते अवघड आहे. सुमनच्या खाटेच्या अंगाला, खाली फरशीवर, गादी टाकून एका माडिया आदिवासी बाईला ठेवलं होतं. भामरागडच्या पलीकडच्या पाड्यातली. पोरगा तिला सोडून घरची सोय लावायला गेला आणि मागे नदीचं पाणी पुलावरून गेलं, तो अडकला. वाटणी झाली ती खाटांची. खालच्या गादीला नंबर नव्हता. पूर्वी निदान इंजेक्शनवाली वॉर्डभर फिरताना तिच्याकडेही वाकायची. आता हीही वाकेना, तीही वाकेना. आपापल्या खाटा सांभाळण्यातच साऱ्यांची दमछाक.

मी सिस्टरला म्हटलं, "त्या खालच्या बाईकडं कोण पाहते?"

"कोणीच नाई, भाऊ," ती म्हणाली. "मी म्हटलं मोठ्या सिस्टरले, तिलेही द्या मले. तर म्हणे, तुह्या खाटा पाह्य. हात मोकळा झाला का जाते मी. माडिया बोलते थोडंथोडं. पण मोकळ्या हातानं होत नाई ते."

त्यानंतर एका सकाळी, हे सिस्टरनेच मला सांगितलं, सुमनने पुन्हा दात मिटले. तोंड धुतलं होतं, हात कपाळाला लागला होता, तरी नाही. सिस्टरला वाटलं, दुखणं उलटलं. मग सुमनने डावा हात उचलला आणि खाली फरशीकडे बोट दाखवलं. तोच पेला घेऊन सिस्टर खाली बसली. त्या बाईला तिच्या भाषेत काहीतरी विचारलं, मांडीवर डोकं घेतलं आणि थोडंथोडं पाणी पाजलं. ती प्याली. मग सुमन प्याली. त्यानंतर रोज असंच होऊ लागलं. मोठी सिस्टर बघून न बघितल्यासारखं करायची.

ती बाई वाचली नाही. फार उशीर झाला होता. पूर ओसरल्यावर पोरगा आला तेव्हा गादी रिकामी होती. तो भांडला नाही. मला वाटत होतं त्याने भांडावं. पुढे रजेवरच्या सिस्टर परत आल्या, कामं पुन्हा पहिल्यासारखी वाटली गेली आणि भामरागडवाल्या सिस्टरला दुसऱ्या वॉर्डात बीपी बघायला लावलं.

सुमन घरी आली. अंग थोडं सुधारलं, वाचा नाही. मी महाकालीला नारळ फोडला, ओटी भरली, उपकार मानले, आणि ते खोटे नव्हते. शरण जाण्याबद्दल मी पुष्कळ ऐकलं होतं. आता एवढंच कळतं की शरण जाणाऱ्याला पदरात घेणारं कुणीतरी लागतं, तुकड्यातुकड्यांनी नाही, पूर्ण माणूस म्हणून. आम्ही देवीच्या वाट्याला आलो. ती माडिया बाई कुणाच्या वाट्याला होती, हे मी देवीला विचारलं. मी नमस्कार केला आणि घरी आलो.

रोज सकाळी मी सुमनचं तोंड धुतो. ती डावा हात कपाळाला लावते आणि मग फरशीकडे बोट दाखवते. खाली कुणी नाही, सुमन, असं मी सुरुवातीला सांगून पाहिलं. ती दात मिटून बसते. आता मी सांगत नाही. पेल्यातलं थोडं पाणी खाली सोडतो, फडक्याने फरशी पुसतो आणि मग ती पिते.