कठड्यापलीकडची लेक

उंच इमारतींना बाहेरून रंग देणारा तो रंगारी साइटवर 'पाखरू' म्हणून ओळखला जायचा. दोरांवर टांगलेल्या झुल्यावर उभा राहून रोलर फिरवताना सुरक्षेचा कमरपट्टा तो नावालाच जवळ ठेवी. घरी जेवताना फुशारकी मारायचा, "पट्टा लागतो तो भित्र्यांना." बायको डोळे वटारायची. नववीतली लेक मात्र खूश. पट्ट्याविना लटकणाऱ्या बापाचा व्हिडिओ तिनेच टाकला होता, आणि अनोळखी लोकांच्या कौतुकाने त्याचीही छाती फुगली होती.

मैत्रिणींनी नेमकं तेच धरलं. "पाखराची पोरगी ना तू? मग दाखव की."

एका दुपारी साइटवर कामातल्या जोडीदाराने त्याच्यापुढे मोबाइल धरला. "ही तुझीच ना रे?" लाइव्ह चालू होतं. लेक गच्चीच्या कठड्यापलीकडे, टीचभर कडेवर उभी. मागची पाण्याची टाकी त्याने ओळखली. त्यानेच रंगवलेली, साइटशेजारच्याच इमारतीची. पट्टा आणि दोर उचलून तो धावत सुटला.

वर दोन मैत्रिणी हसत शूटिंग करत होत्या. ही मुद्दाम थांबलीय, असंच त्यांना वाटत होतं. कठड्यावर आवळलेली तिची पांढरीफटक बोटं फक्त त्याला दिसली. हाक ओठांवर आली होती, पण लेक दचकली असती म्हणून त्याने ती गिळली. त्याने दोर टाकीच्या खांबाला बांधला, पट्टा कसला आणि हळूच तिच्याशेजारी उतरला.

"बाबा, पाय हलत नाहीत."

"नको हलवूस. माझ्याकडे बघ."

"तुम्हाला कशी भीती वाटत नाही?"

"वाटते गं. रोज वाटते. तुमच्यापुढे नुसता तोरा मिरवायचो."

ती रडायला लागली आणि तिचा गुडघा लटपटला. त्याने अंगाचा भार टाकून तिला कठड्याशी दाबून धरलं. "फोन ठेवा," तो मैत्रिणींना म्हणाला, "तिचे हात धरा." तेव्हा कुठे त्यांचे चेहरे उतरले. दोघींनी ओढलं, त्याने खालून रेटलं. ती आत पडली आणि भडाभडा ओकली.

बापाचा व्हिडिओ तिने त्याच दिवशी काढला. तिचा स्वतःचा मात्र त्यातल्या एका मैत्रिणीच्या खात्यावर होता. "एवढा चाललाय आणि काढू?" मैत्रीण म्हणाली. शेवटी काढला, पण मैत्री तुटली. मधल्या सुट्टीत लेक एकटीच डबा खाऊ लागली.

संध्याकाळी तो विचारायचा, "आज कुणी बोललं?" ती मानेनेच नाही म्हणायची, आणि तो हातातला पट्टा खुंटीला अडकवून तिच्याशेजारी जेवायला बसायचा.