निळ्या व्हॅनचा निर्माता

धुळ्याला जायचं ठरलं ते जळगावातल्या एका खेळण्यांच्या दुकानात. सत्तरच्या दशकातली गोष्ट. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती.

मी धातूच्या चिमुकल्या गाड्या जमवते. गाडीच्या पोटावर कंपनीचं नाव असतं. त्यावरून निर्माता शोधायचा, पत्र टाकायचं, वहीत नोंद करायची. वहीत पहिल्याच गाडीपुढे निर्मात्याचा रकाना कोरा होता. निळी व्हॅन, मी नऊ वर्षांची असताना वडिलांनी दिलेली. ते कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. विलायतेची आहे, एवढंच म्हणाले होते. पोटावर नाव नव्हतं, गुळगुळीत उंचवटा होता.

माझी व्हॅन पाहून दुकानदार शेटजींनी घरातून मुलाची जुनी व्हॅन आणून दाखवली. तशीच, पण पोटावर इंग्रजी कंपनीचं नाव. दोन्ही शेजारी ठेवल्या. माझी केसभर लहान होती. शेटजी म्हणाले, फार पूर्वी एक फिटर ही मागून धुळ्याला घेऊन गेला होता, परत आली तेव्हा चाकांत काळी वाळू होती. फिटरचं नाव त्यांना आठवेना. मी सांगितलं नाही.

सकाळची एसटी धरावी आणि डावीकडची खिडकी. हिवाळ्यात तिथे ऊन मिळतं. एरंडोलपर्यंत कापसाच्या बैलगाड्यांमागून सरकावं लागतं. शेजारी बसलेल्या अक्कांनी माझ्या हातातली व्हॅन पाहून मुलगा केवढा आहे ते विचारलं. माझीच आहे म्हटल्यावर पारोळ्यापर्यंत त्या बोलल्या नाहीत. तिथे गाडी चहाला थांबली, तेव्हा त्यांनी मला अर्धा पेरू दिला.

धुळ्यात स्टँडजवळ वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी मिळते. जेवून पांझरेच्या काठाने काळी वाळू वापरणाऱ्या ओतकामाच्या भट्ट्या विचारत गेले. चौथ्या भट्टीवरच्या म्हाताऱ्या नानांनी व्हॅन उलटी केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"फिटरनी पोर शे का तू?"

मी मान हलवली.

"विलायतनी शे, आसं सांगेल व्हई तुले."

ते हसले. मग सांगत गेले. शेटजींच्या मुलाच्या हातातली गाडी मी पाहिली होती आणि दोन दिवस जेवले नव्हते. मला यातलं काही आठवत नाही. वडिलांनी वितळवायला घरातलं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं आणलं होतं. आई ते पातेलं वर्षभर शोधत होती, हे मात्र मला आठवतं.

शेटजींची व्हॅन ओल्या वाळूत दाबून साचा उठवला. त्यात कंपनीचं नावही उठलं. नाना तिथेच थांबले आणि वडिलांना म्हणाले,

"दुसराना नाव मी वतत नही."

वडील म्हणाले, मग तुमचं घाला. नाना म्हणाले, खेळण्यावर काय नाव घालायचं. शेवटी वडिलांनी वाळूतल्या अक्षरांवर अंगठा दाबला. पडलेला खळगा धातूत उंचवटा होऊन आला.

निघताना मी विचारलं, माझी लहान का.

"धातू थंडा व्हयना का आकसस. बठ्ठाच आकसस." सगळंच आकसतं, असं म्हणत त्यांनी व्हॅन माझ्या हातात ठेवली.

ऊन उतरायच्या आत परतीची गाडी मिळाली. घरी येऊन वही काढली. कोऱ्या रकान्यात 'धुळे' लिहिलं. नानांनी नाव नको म्हटलं होतं.

मग व्हॅन उलटी केली, उंचवट्यावर अंगठा टेकवला. माझा बरोबर तेवढाच भरला.

म्हणजे त्यांचा याहून केसभर मोठा असणार.