कॅनॉलखालची खोली

आबा गेल्यावर लासुर्ण्याला भेटायला आलेली माणसं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती. आबांनी पाण्याची खबर कधी कुणापासून लपवली नाही. माझे वडील पाटकरी होते. कॅनॉलचं पाणी कुणाच्या शेतात कधी आणि किती वेळ सोडायचं, हे बघणारा माणूस म्हणजे पाटकरी. पाणी सुटणार असेल किंवा बंद होणार असेल, तर आबा आधी सायकलवरून वस्त्यावस्त्यांवर जाऊन सांगत. "भांडाण असलं तरी सांगायचे," एक म्हातारे म्हणाले, "असा माणूस न्हाय व्हायचा." मी मान हलवली आणि त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवला.

मला बारामतीतली खोली आठवत होती.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. बारामतीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मला नुकतीच नोकरी लागली होती आणि मी लासुर्ण्याहून एसटीने जाऊन येऊन करत होते. त्याच थंडीत आईच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला. तिला साखरेचा आजार होता, त्यामुळे जखम भरेना. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं की दिवसाआड ड्रेसिंग व्हायला हवं, पाय आणि अंथरूण स्वच्छ राहायला हवं. दोन-तीन महिने हे नीट जमलं तर पाय वाचेल, नाहीतर गुडघ्याखालून काढावा लागेल. दिवसाआड एसटीत उभं राहून जाणं आईला शक्य नव्हतं. मी ठरवलं की बारामतीत खोली घ्यायची आणि आईला जवळ ठेवायचं. कुणाला विचारलं नाही. मिळवती झाल्यावर घेतलेला तो माझा पहिला निर्णय होता.

तीन रविवार मी खोल्या बघत फिरले. जुन्या गावात मिळाली ती माडीवरची, अंधारी, शिडीसारख्या जिन्याची. भिगवण रस्त्याकडच्या नव्या सोसायट्यांचं भाडं ऐकून मी दारातूनच परत फिरले. एका घरमालकाने आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग आजोबा काय करायचे ते विचारलं. मेंढरं राखायचे, असं मी सांगितल्यावर त्यांना एकदम आठवलं की त्या खोलीत पुतण्या राहायला येणार आहे.

शेवटी कोणीतरी नगरपालिकेच्या हद्दीबाहेर, कॅनॉलच्या खालच्या अंगाला जायला सांगितलं. तिथे एका बाईने आपल्या जागेत पत्र्याच्या पाच खोल्या ओळीने बांधल्या होत्या. नळ नव्हता, म्हणून भाडं कमी. पण मागे विहीर होती. मार्च संपत आला होता, तरी कठड्यावरून वाकलं की हात बुडेल इतकं पाणी.

"मावशी, उन्हाळ्यात राहतं का एवढं?"

"आता काय पावसाळा हाय व्हय? बगा की डोळ्यांनी."

मी बघितलं. मला पटलं. उंबरा ठेंगणा होता, हवा होती, दवाखाना पंधरा मिनिटांच्या अंतरावर होता. फक्त एकट्या बाईला ती किल्ली देणार नव्हती. "घरातला गडी माणूस दाव," म्हणाली. म्हणून पुढच्या रविवारी मी आबांना घेऊन गेले.

आबांनी खोली उंबऱ्यातूनच बघितली. मग ते विहिरीकडे गेले, ओंजळभर पाणी घेतलं, चूळ भरली. वर कॅनॉलच्या भरावाकडे बघितलं. प्रत्येक दारापुढे दोन-दोन लोखंडी पिंपं होती, ती बघितली. घरमालकीण मोकळ्या तोंडाची होती.

"आबा, लेकीला खोली बगताय, जावई कवा बगताय?"

"आदी पाणी बगतो, मंग जावई."

"मंग? कसं हाय आमचं पाणी?"

"ग्वाड हाय," आबा म्हणाले.

"आबा, घेऊ ना?" मी विचारलं.

"तुला पटतीया न्हवं? घे."

आमच्या घरात पाण्याचा विचार आबांचा आणि पुस्तकांचा माझा, अशी वाटणी लहानपणापासून होती. कॅनॉलच्या काठावर वाढूनही मी कधी पाण्याकडे नीट पाहिलं नव्हतं. ते पाहणारा माणूस घरात होता. त्या दिवशी तर तो माझ्या शेजारी उभा होता. भरलेली विहीर असताना दारोदार पिंपं कशाला, हा प्रश्न मला पडलाच नाही. निघताना आबा शेजारणीच्या दारात थोडा वेळ बोलत उभे राहिले. लेकीकडे लक्ष ठेवा असं सांगत असतील, असं समजून मी पुढे झाले.

आई आली. नंतरचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते, असं मी तेव्हा म्हटलं असतं. मी सकाळी चादरी धुऊन वाळत घालत असे, दुपारच्या सुट्टीत घरी येत असे, दिवसाआड रिक्षाने आईला दवाखान्यात नेत असे. जखमेचा काळपटपणा गेला. ड्रेसिंग करणारी बाई म्हणाली, "लाल दिसतंय आता, चांगलं लक्षण." मी कागदावर तारखा मांडल्या होत्या. आईसाठी मी भिंतीतलं एक फडताळ रिकामं केलं होतं. तिने ते वापरलं नाही. लुगडं गाठोड्यातून काढायची, धुतलेलं परत गाठोड्यात ठेवायची. फडताळ उंच असेल म्हणून मी खाली एक खोकं ठेवलं. तेही रिकामंच राहिलं.

एप्रिल संपता संपता एका सकाळी घागर बुडेना. दोर लावला. दुसऱ्या दिवशी दोर आणखी सोडावा लागला आणि चौथ्या दिवशी घागरीत गाळ आला. मी कठड्याशी उभी होते, तेवढ्यात शेजारीण पिंपावरचं झाकण काढून स्वच्छ पाण्याची बादली भरायला लागली.

"वहिनी, विहिरीला काय झालं?"

"कॅनॉल बंद झाला की ताई. ही हिर कॅनॉलच्या पाझराची. तो वाहतोय तवर भरल्याली, मंग दीड-दोन म्हयनं ठणठणाट." ती हसली. "औंदा तुमच्या आबांमुळं आमाला घोर न्हाय. पयल्याच दिशी त्यांनी बंद व्हायचा वार सांगितला, पिंपं भरून ठिवा म्हणले." मग माझ्या हातातल्या गाळाच्या घागरीकडे बघून तिचं हसू थांबलं. "तुमाला न्हाय सांगितलं व्हय?"

मी घरमालकिणीकडे गेले. "मावशी, तुम्ही म्हणाला होतात—"

"म्या काय म्हणलं? डोळ्यांनी बगा म्हणलं. बगितलं की तुमी. तुमच्या बापानं तर पिऊन बगितलं."

तिच्यावर मला राग धरता आला नाही. ती परकी होती आणि खोली भाड्याने देत होती.

हद्दीतल्या नळावरून मी दोन दिवस डोक्यावर पाणी आणलं. चादरी दिवसाआड धुतल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी गावची जीप दारात आली आणि आबा उतरले. मी मागे वळून पाहिलं तर आई उठून बसली होती. गाठोडं बांधलेलं होतं.

"आबा, तुम्ही शेजारणीला सांगितलंत."

"व्हय."

"मला का नाही?"

आबांनी आईकडे बघितलं.

"त्यांना काय इचारतीस?" आई म्हणाली. "तू हिरीचं सांगितलंस तवाच म्या म्हणलं हुतं, बोलू नगा. तुला नगं म्हणलं असतं तर तू ऐकणार हुतीस का? पाणी हाय तवर ऱ्हाते, मंग मला माज्या घरी न्या, म्हणलं."

"आणि पाय?"

"पाय माजा हाय, बाय."

आबांनी तिला उचलून जीपमध्ये बसवलं. रिकामं खोकं मी फडताळाखालून काढलं नाही. गावात एका कंपाउंडरने काही दिवस ड्रेसिंग केलं, मग तेही बंद झालं. पाय काढायची वेळ आली नाही. त्याआधीच आई भादव्यात गेली, स्वतःच्या घरात, तिला हवं होतं तसं.

मरणाऱ्या माणसाची इच्छा समजून घ्यावी, हे मी पुष्कळ ठिकाणी वाचलं आहे, आणि मला ते समजतंही. पण मी तारखा मांडत होते, तेव्हा त्या दोघांना शेवटची तारीख माहीत होती. माझ्या आशेची मुदत त्यांनी कॅनॉलचं पाणी सुटण्या-थांबण्याच्या पाळीवर ठरवली होती आणि मला रोज चादरी धुऊ दिल्या होत्या.

खोली मी सोडली नाही. तेवढ्या भाड्यात दुसरी मिळत नव्हती. आई गेल्यानंतर कॅनॉल पहिल्यांदा बंद व्हायच्या आधी आबांचं पोस्टकार्ड आलं. "चि. हीस आशीर्वाद. बुधवारी पाणी बंद. पिंप भरून ठेवणे." माझ्याकडे तोवर पिंप होतं. मी ते पालथं घातलं, वर पुस्तकं रचली आणि पाणी परत सुटेपर्यंत हद्दीतल्या नळावरून घागरी आणल्या.

"ताई, आबांचं कार्ड न्हाय आलं?" शेजारणीने विचारलं.

"आलं," मी म्हणाले.

पुढे मी पिंप भरू लागले. माणूस किती दिवस घागरी आणील? पण कार्डाला उत्तर कधी दिलं नाही. चौथ्या वर्षी हद्द वाढली आणि आमच्या ओळीत नळ आला. मी हे आबांना कळवलं नाही. सणाला गावी जायचे तेव्हाही त्याबद्दल बोलले नाही. त्यानंतरही दोन वर्षं ते कार्ड पाठवत राहिले. पोस्टाची पेटी त्यांच्या वस्तीपासून लांब होती, हे मला माहीत होतं.

मग एकदा दवाखान्याच्या कामाने ते न सांगता आले. दारातला नळ बघून थांबले. पिशवी खाली ठेवली, तोटी सोडली, ओंजळ भरून पाणी प्यायले. मी उंबऱ्यात उभी होते.

"ग्वाड हाय," ते म्हणाले आणि तोटी घट्ट बंद केली.

त्यानंतर कार्ड आलं नाही.