भंगारवाल्याच्या टेम्पोवरचं गाणं

आमच्या मुलानं एक गाणं केलं होतं, ते हल्ली भंगारवाल्याकडे कामाला आहे.

गल्लीत धुणी वाळत पडली की रशीदचा टेम्पो सोलापूरच्या भवानी पेठेत शिरतो आणि त्याच्या भोंग्यातून आमचा महांतेश रडायला लागतो. रडणं ऐकलं की बायका फुटक्या बादल्या घेऊन दारात येतात. काही लोकांच्या मुलांची गाणी रेडिओवर लागतात म्हणे. प्रत्येकाचं नशीब.

आमच्याकडे खाली चार माग होते आणि वर आम्ही राहत होतो. चादरी निघायच्या. मागाच्या खटखटीत कुणी तोंडानं बोलत नाही, हातवारे करतात. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला बरेच दिवस वाटत होतं की नवरा मुका आहे. नंतर कळलं, मुका नाही, बहिरा व्हायला लागलाय. (तोवर फसवणूक झाली म्हणायची वेळ निघून गेली होती.) पुढे तर त्यांच्या कानाशी ताट आपटलं तरी ते शांतपणे भाकरी मोडत बसायचे. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, तुमचं भांडण कधी ऐकू येत नाही, किती समाधानी जोडपं! भांडण होत होतं की. एकाच बाजूनं होत होतं.

महांतेशला मागावर बसायचं नव्हतं. लहानपणी तो कानात कापूस घालून अभ्यास करायचा. कॉलेजात गेल्यावर एकदा मालकांनी (मी नवऱ्याला मालक म्हणते, मालकी कसली ते विचारू नका) त्याला हातानं खूण करून विचारलं, चालवशील का? त्यानं मान हलवली. नाही. थोड्याच दिवसांत रशीद टेम्पो घेऊन आला, घणानं चारही माग तोडले आणि घेऊन गेला. मालक तिथंच उभे होते. महांतेश घरात नव्हता. संध्याकाळी आला, रिकामं शेड बघितलं आणि जिन्यावर बसून राहिला.

तेव्हापासून बापलेकाचं बोलणं माझ्यामार्फत. "अव्वा, अप्पांना विचार, गोळी घेतली का." "त्याला सांग, मोटार बंद कर म्हणावं." दोघं एका खोलीत बसलेले आणि मी मधे. पगार नाही, सुट्टी नाही.

रिकाम्या शेडात महांतेशनं दोस्त जमवले. शेजारच्या तेलुगू घरातला सीनू ड्रम वाजवायला, आणि हा गिटार घेऊन. गिटारची वायर त्यांनी मागाच्या जुन्या जोडणीला लावली आणि पहिल्याच सुराला सगळ्या गल्लीची वीज गेली. अंधारात शेजारची अंबूबाई ओरडली, "काय मेलं का काय तुमच्यात?" मी म्हटलं, मेलं नाही, गायलंय.

मी सीनूला विचारलं, हे काय वाजवता? तो म्हणाला, "अक्का, ह्याला रॉक बॅलड म्हणतात." म्हणजे काय ते त्यानं पुष्कळ समजावलं. मला समजलं ते एवढंच, की वाजवायचं जोरात आणि रडायचं हळू.

गाणं असं होतं:

माग थांबले, अप्पा, मला झोप लागत नाही,
लोखंड झालं सगळ्याचं, लोखंड, लोखंड, लोखंड...

शेवटचं लोखंड तो इतकं वर नेऊन सोडायचा की माझ्या फडताळातल्या बशा थरथरायच्या. आणि झोप लागत नाही हे साफ खोटं. ऊन अंगावर आलं तरी तो घोरत असायचा, मीच पाणी शिंपडून उठवायची. मी त्याला तसं म्हटलं तर म्हणाला, "अव्वा, गाण्यात तसं म्हणायला लागतं."

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ते गायलं आणि मुली रडल्या. कुणीतरी मोबाईलवर घेतलं आणि ते गावभर झालं. ज्यांचा मागाशी काडीचा संबंध नव्हता अशी, प्रेमात आपटलेली सगळी पोरं ते ऐकायला लागली. सात रस्त्याला एका चहाच्या गाड्यावर ते दिवसभर वाजायचं. मग लग्नाच्या बॅंडवाल्यांनी उचललं. रडत वाजवलं तर वरात पुढे सरकत नाही, म्हणून त्यांनी ते चौपट वेगानं बसवलं. आमच्या घरासमोरून एक नवरदेव घोड्यावर बसून माझ्या मुलाच्या दुःखावर नाचत गेला. घोडासुद्धा नाचत होता.

सगळ्या सोलापूरनं ऐकलं. मालकांना तेवढं ऐकू आलं नाही.

पुढे सीनूनं टॉवेलचं दुकान टाकलं, महांतेश नोकरीला पुण्याला गेला, गिटार कपाटावर गेली. आणि गाणं रशीदकडे गेलं. लोखंड, पत्रा, प्लास्टिक असं ओरडून ओरडून रशीदचा घसा बसला होता. कुणीतरी त्याला हे गाणं ऐकवलं. तीन वेळा लोखंड, तेही एवढ्या मोठ्यानं! त्याला वाटलं, हे भंगारवाल्यांसाठीच केलंय. मी त्याला गाठून सांगितलं की बाबा रे, तू नेलेल्या मागांवरचं आहे ते. तो विचार करून म्हणाला, "तो फिर बराबर हैच ना, अम्मा." बरोबरच होतं. ही नोकरी मात्र मी महांतेशला कळवली नाही. पुण्याला कळवण्यासारखी बातमी नव्हती ती.

मग मालक अंथरुणाला लागले. सगळं आयुष्य सुताची कुसं छातीत ओढलेली. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, खावंसं वाटेल ते द्या. याचा अर्थ चौथी शिकलेल्या बाईलाही कळतो.

महांतेश रजा काढून आला. दोन दिवस नुसता उशाशी बसला. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "अव्वा, अप्पांनी एकदा ते गाणं ऐकायला पायजे. एकदाच. मला दुसरं काय नको."

कानाचं यंत्र होतं घरात. मालकांनी ते महाग म्हणून देवघरात ठेवलं होतं आणि रोज त्याला गंध लावत होते, त्यामुळे ते बंद पडलं होतं. महांतेशनं मोबाईल त्यांच्या कानाला लावला. मालक दोनदा हॅलो म्हणाले, मग "कोण बोलत न्हाय" म्हणून त्याच्या हातात परत दिला. शेवटी त्यानं गिटार काढली, कॉटशेजारी बसला आणि डोळे मिटून गायला. अगदी जीव ओतून. मालकांनी त्याच्या बोटांकडे बराच वेळ बघितलं आणि मला खुणेनं विचारलं, हा काय खाजवतोय?

महांतेश गच्चीवर गेला. मी मागोमाग गेले नाही. मला पोरांच्या पाठीवरून हात फिरवता येत नाही, फार तर धपाटा घालता येतो. पण शेजारच्या गच्चीवरून अंबूबाई सांगत आली की तुमचा एवढा मोठा पोरगा टाकीमागं बसून रडायलाय. तेव्हा मी ठरवलं, आता हे मी बघते.

मी रशीदला गाठलं. सांगितलं, उद्या टेम्पो आमच्या खिडकीखाली लाव, भोंगा वर कर आणि आवाज असेल तेवढा सोड. तो म्हणाला, हौ. मी महांतेशला काही बोलले नाही. म्हटलं, पोराला अचानक आनंद होऊ दे. (माझ्या आयुष्यातले बहुतेक घोटाळे मी दुसऱ्याला आनंद द्यायला गेले तेव्हाच झालेत.)

सकाळी टेम्पो आला. भोंगा वर झाला. गाणं असं सुटलं की समोरच्या छपरावरची कबुतरं उडाली. मी एकच गोष्ट विसरले होते. या गल्लीत ते गाणं कुणी गाणं म्हणून ऐकत नव्हतं. इतक्या जोरात लागलंय म्हणजे रशीद आज भाव चांगला देतोय, असं समजून अख्खी गल्ली बाहेर पडली! कुणी कुकर, कुणी सायकल, कुणी पाळण्याच्या कड्या. अंबूबाईनं दोन नातवांच्या डोक्यावर लोखंडी कपाट दिलं. एका घमेल्यावरून सासू-सुना जुंपल्या. रशीदचा काटा खालीवर, खालीवर, आणि वरून माझा मुलगा लोखंड, लोखंड करतोय.

महांतेश बनियनवरच जिना उतरून धावला. त्यानं भोंगा बघितला, पत्र्याचा ढीग बघितला, आपला आवाज ओळखला आणि वर माझ्याकडे बघितलं. असं तोंड मी त्याचं आजवर बघितलं नव्हतं, नापास झाला तेव्हासुद्धा नाही.

"अव्वा, हे माझं गाणं हाय की."

मी काही बोलणार तेवढ्यात मागे खाट करकरली. बरेच दिवस न उठलेला माणूस भिंत धरत, धापा टाकत खिडकीशी आला. त्यांना ऐकू आलं होतं! मला वाटलं, जिंकले. मालकांनी खाली बघितलं आणि बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाले, "भंगारवाला आलाय. काय द्यायचं हाय का?"

तिकडे महांतेशनं मान खाली घातली. मी मालकांच्या कानाला तोंड लावून ओरडले, गाणं ऐका, गाणं! त्यांना वाटलं, ते पडतील म्हणून मी ओरडतेय, तेव्हा त्यांनी खिडकीचा गज घट्ट धरला. भोंगा बरोबर खाली होता, गज थरथरत होता. मालकांचा हात तिथंच थांबला. मग दुसरा हात आला. असेच दोन्ही तळवे ते मागावर ठेवायचे, कुठं काय बिघडलंय ते बघायला.

"हा आपला दोन नंबरचा हाय," ते म्हणाले. "लंगडायचा त्यो."

मला काही कळलं नाही. महांतेशला कळलं. सीनूच्या ड्रमचा ठेका त्यानं दोन नंबरच्या मागावरून बसवला होता, हे त्यानं मलाही कधी सांगितलं नव्हतं. तो खालूनच म्हणाला, "व्हय अप्पा."

मालकांनी त्याच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांनी सरळ, मला मधे न घेता. "म्हांत्या, तुला आवाज सोसत न्हवता म्हणून इकले की रे. कापूस घालायचास कानात."

महांतेश काहीतरी बोलला. मालकांना ऐकू गेलं नाही. त्यांनी सवयीनं माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा कानाशी तोंड नेऊन ओरडले, "त्याला झोप लागत न्हाय म्हणतोय, माग गेल्यापासनं!"

गाणं नेमकं त्याच क्षणी संपलं होतं, त्यामुळे ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. खालून अंबूबाई म्हणाली, "मग डाक्टरला दाखवा की."

मालक हसले नाहीत. गज धरूनच होते. म्हणाले, "मला बी."

एवढंच. महांतेश टेम्पोच्या फळीवर भंगारात बसला आणि लहान पोरासारखा रडला. रशीदनं काटा खाली ठेवला आणि गाणं पहिल्यापासून लावलं. या सगळ्या गडबडीत जिन्याखाली ठेवलेला मालकांचा नवाकोरा वॉकर कुणीतरी भंगारात घातला, ते संध्याकाळी लक्षात आलं. मालकांना त्याची फार चीड होती, त्यामुळे त्या रात्री ते चांगले जेवले.

नंतर फार दिवस राहिले नाहीत. पण राहिले तेवढे दिवस बापलेक एकमेकांशी बोलले, हातवाऱ्यांनी, आणि माझी नोकरी गेली.

आमच्यात गेलेल्या माणसाला आडवं न करता बसवून नेतात. बसलेले मालक भजनात निघाले तेव्हा महांतेशला कुणी गायला सांगितलं नाही, तोही गायला नाही. मी रडले नाही. बायकांनी माझ्याकडे बरंच बघितलं.

मग रशीदचा टेम्पो गल्लीतून मुकाट जायला लागला. मीच एकदा टेम्पोला आडवी गेले. गाणं का बंद? तो म्हणाला, "अम्मा, घर में मौत हुई ना." मी म्हटलं, तुझ्या घरात झाली का? लाव. तर तो लावतो. पण धंद्याचा माणूस, माल मिळाला की पुढे जाणार, नाही मिळाला तरी जाणार. गाणं आमच्या दारात पुरं वाजायचं असेल तर काहीतरी शोधत, काढत, वजन करत वेळ काढावा लागतो. आधी फुटक्या बादल्या दिल्या. मग बिनफुटक्या. महांतेश सुट्टीला आला तर विचारतो, "अव्वा, नवी कढई कुठं गेली?" मी म्हणते, भोक पडलं होतं. परात, सांडशी, बंब, सगळ्यांना भोकं पडली.

परवा घरात देण्यासारखं काहीच उरलं नव्हतं आणि अजून शेवटचं कडवं व्हायचं होतं. मी जाऊन रशीदच्या काट्यावर उभी राहिले. त्यानं काटा बघितला, मला बघितलं आणि म्हणाला, "अम्मा, माल पुराना है, पन वजन कुच नै."

भंगारातसुद्धा घेतलं नाही मला. पण तेवढ्या वेळात गाणं पुरं वाजलं.