शकूनं पुसलेले डोळे

हे लिहिणारच नव्हते. दोनदा लिहून खोडलं, कारण शकूमावशीवर लिहायला बसलं की भरूनच येतं. पण आता लिहूनच टाकते.

पेणच्या रामवाडीतल्या गणपतीच्या कारखान्यात शकू डोळ्यांची आखणी करते. मूर्ती कुणीही रंगवो, नजर द्यायची ती शकूनंच. नाव मात्र कायम मालकाचं. म्हणून पंचाण्णव साली रोह्याच्या कॉलेजातली तिची भाची किमया म्हणाली, "मावशी, विज्ञान प्रदर्शनाला आपल्या लय जुन्या पूर्वजाचं डोकं करून दे, खाली तुझं नाव लिहिते," तेव्हा शकूच्या अंगावर मूठभर मांसच चढलं!

इथिओपियात लाखो वर्षांपूर्वीचे दात, जबड्याचा तुकडा, थोडी हाडं सापडलेली. किमयानं आणलेलं कात्रण बघून शकूनं शाडूचं डोकं घडवलं आणि हाताच्या सवयीनं डोळे आखले. मऊ, पाणीदार, थेट बाप्पाचे. प्रदर्शनात बायका हात जोडायला लागल्या.

आणि रोह्याच्या साप्ताहिकात छापून आलं, 'रोह्यात अवतरला माकडमाणूस! कलाकार शकू म्हात्रे.'

"काय गो शकू, आता माकडांच्या ऑर्डरी घेतेस?" शेजारची जनी खिदळली.

शकूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. जन्मात पहिल्यांदा नाव छापलं, तेही माकडाच्या शेजारी!

"माकड नाय गो ते," किमयानं समजावलं. "शास्त्रज्ञांनी आधी जुन्या गटात घातलं, यंदा काढून नवा गट केला. आर्डिपिथेकस. अजून वाद चाललाय."

"ज्यांना सापडलं त्यांचंच ठरंना, आन् ह्या पेपरवाल्यानं बारसं उरकलं?"

शकू तडक एसटीनं रोह्याला. प्रदर्शनातलं डोकं उचललं, पूल ओलांडला आणि नदीपलीकडच्या अष्टमी गावात साप्ताहिकाचा संपादक दिनानाथ, त्याच्या टेबलावर ठेवलं.

"दिनानाथभाऊ, ह्याच्या डोळ्यांत बघा आन् म्हणा माकड."

दिनानाथनं बघितलं. हसला. "नाय म्हणवत. पण शकूताय, सापडली ती हाडं. डोळे कुठं सापडले?"

खरंच की! त्यानं मनचा शब्द चिकटवला, तिनं मनची नजर.

कारखान्यात दिलेली नजर कुणी पुसत नाही. शकूनं तर कधीच नाही. तिनं पदराचं टोक भिजवलं. त्या डोक्याचे दोन्ही डोळे पुसले.

"माझं मी पुसलं. आता तुमचा शब्द पुसा."

पुढच्या अंकात पहिल्याच पानावर आलं, 'तो माकडमाणूस नव्हे. तो नेमका कोण, यावर शास्त्रज्ञांचा अभ्यास चालू आहे. डोळे सापडले नाहीत, म्हणून काढलेले नाहीत. घडवणारी शकू म्हात्रे, रामवाडी.'

जनीनंच तो अंक कारखान्याच्या दाराला चिकटवला. "आमची शकू हाय ही!" येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटली. आणि शकू? मान अशी ताठ, की बघत राहावं.

तुम्ही जा हो रामवाडीला, भेटा तिला. पण लवकर जा. गणपतीची कामं अंगावर आली की ती कुणाशी बोलत नाय.